दिवसा दिवा कशासाठी? वाहनावरील दिव्यांचा योग्य वापर
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)

कृषिविद्येच्या अध्यापकाने पेरणी, आंतरमशागत, खते आणि पाणी यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी वाहनावरील दिव्यांविषयी बोलणार आहे. याचे कारण सरळ आहे. शेतात पिकविलेला माल शेवटी रस्त्यानेच जातो. ऊस कारखान्याकडे जातो, दूध संकलन केंद्रावर जाते, भाजीपाला बाजार समितीत जातो. यातील बरीचशी वाहतूक भल्या पहाटे, दिवेलागणीला किंवा रात्री होते. रात्रीच्या पाळीची वीज असेल तर पाणी देण्यासाठीही आपण अंधारातच घराबाहेर पडतो.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. या मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात झाले. मृतांमध्ये दुचाकीवरील माणसांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. दिवसाच्या तीन-तीन तासांचे भाग पाडले, तर सर्वांत जास्त अपघात सायंकाळी ६ ते ९ या वेळात झालेले दिसतात. आपण शेतातून घरी परततो, दूध घालायला जातो, तीच ही वेळ. तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा नाही.

दिव्याची दोन कामे

वाहनावरील दिवा दोन कामे करतो. पहिले काम म्हणजे चालविणाऱ्याला पुढचा रस्ता दिसणे. दुसरे काम म्हणजे आपले वाहन इतरांना दिसणे. पहिले काम आपल्या ध्यानात असते, कारण त्यावाचून आपलेच अडते. दुसऱ्या कामाकडे मात्र दुर्लक्ष होते. ट्रॅक्टरचा पुढचा दिवा बिघडला तर चालक त्याच दिवशी तो दुरुस्त करून घेतो. ट्रॉलीचा मागचा लाल दिवा फुटला तर तो पुढच्या हंगामापर्यंत तसाच राहतो. आपल्याला त्याची उणीव भासत नाही. ती मागून येणाऱ्याला भासते आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती ही: दिवा जितका आपल्याला दिसावे म्हणून असतो, तितकाच आपण दिसावे म्हणून असतो.

दिवसा चालू राहणारा दिवा

नवीन मोटारसायकल घेतलेल्या अनेकांना एक अनुभव येतो. भर दुपारी रस्त्याने जाताना समोरचा माणूस हाताची मूठ उघडझाप करून सांगतो की, तुमचा दिवा चालू राहिला आहे. आपण बटण शोधू लागतो, तर ते सापडतच नाही. हा बिघाड नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागावा, असा नियम आहे. अनेक नव्या मोटारींनाही पुढे पांढऱ्या प्रकाशाची पट्टी असते. ती दिवसा चालू राहते आणि हेडलाइट लावल्यावर विझते किंवा मंद होते.

ही कल्पना उत्तरेकडील थंड देशांतून आली. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाजवळच राहतो आणि संधिप्रकाश लांबतो. फिनलंडने १९७२ मध्ये ग्रामीण रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसा दिवे लावणे बंधनकारक केले. स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभर दिवसा दिवे लावण्याचा नियम केला. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी असे दिवे सक्तीचे केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या व लहान व्हॅनच्या नव्या नमुन्यांना आणि ऑगस्ट २०१२ पासून ट्रक व बस यांच्या नव्या नमुन्यांना ते लागू झाले.

आपल्याकडे ऊन भरपूर आहे, मग दिवसा दिव्याची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. दुतर्फा वड, चिंच किंवा बाभळी असलेला रस्ता डोळ्यांसमोर आणा. उन्हाचे कवडसे आणि सावल्या यांच्या सरमिसळीत अंगावर मळकट कपडे असलेला दुचाकीस्वार सहज हरवून जातो. मावळतीचा सूर्य डोळ्यांवर असेल तर समोरून येणारे वाहन म्हणजे नुसती काळी आकृती असते. शिवाय दुचाकी समोरून अरुंद दिसते. त्यामुळे ती किती लांब आहे आणि किती वेगाने येत आहे याचा अंदाज चुकतो. पुढच्या ट्रकला मागे टाकावे की थांबावे, हा निर्णय चालक एक-दोन सेकंदांत घेतो. त्या क्षणी लांबवर एक उजळ ठिपका दिसला तर तो थांबतो. दिवसाच्या दिव्याचे काम एवढेच, पण ते लाखमोलाचे आहे.

यामुळे बॅटरी उतरते काय? इंजिन चालू असताना वीज इंजिनवरच तयार होते आणि इंजिन बंद केले की हा दिवाही विझतो. त्यामुळे बॅटरी व चार्जिंग व्यवस्थित असेल तर चिंता करण्याचे कारण नाही. दुचाकीचा साधा बल्ब साधारण ३५ वॅटचा असतो. इंजिनच्या ताकदीच्या मानाने हा भार अगदी थोडा आहे. म्हणून वायर कापून किंवा वेगळे बटण बसवून हा दिवा बंद करण्याचा खटाटोप करू नये.

मोटारीच्या दिवसाच्या दिव्याबाबत मात्र एक सावधगिरी घ्यावी. बहुतेक गाड्यांत हा दिवा फक्त पुढे लागतो, मागचे लाल दिवे लागत नाहीत. अंधारू लागले की चालकाला समोर थोडा उजेड दिसतो, समोरचे काटेही उजळलेले असतात आणि दिवे लागले आहेत असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात मागून गाडी पूर्ण काळोखात असते. या कारणानेच कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम बदलले. तेव्हा ऊन कलले, आभाळ भरून आले किंवा बोगदा लागला की हेडलाइटचे बटण स्वतः फिरवावे. दिवसाचा दिवा हा हेडलाइटला पर्याय नाही.

मागून येणाऱ्याचा हिशेब

आता मागच्या लाल दिव्याचे महत्त्व आकड्यांत पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर अंतर संपते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० ते ५५ मीटर झाले. रस्ता ओला असेल किंवा उसाचे पाचट पडलेले असेल तर याहून जास्त लागतात.

दुसऱ्या बाजूने पाहा. डिपरच्या उजेडात दिवा नसलेली, धुळीने माखलेली ट्रॉली बहुधा ४०-५० मीटरवर आल्यानंतरच दिसते. समोरून दुसऱ्या वाहनाचा झोत येत असेल तर त्याहूनही उशिरा दिसते. वजाबाकी आपणच करावी. चालक कितीही सावध असला तरी हे गणित त्याच्या बाजूने सुटत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे त्याच मोटारसायकलस्वाराला नऊ सेकंद मिळाले. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करू शकतो, बाजू घेऊ शकतो, थांबू शकतो. हे नऊ सेकंद मागच्या दिव्यातला ५ वॅटचा एक बल्ब देतो. याच नियमानुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत आणि उजेड अपुरा असेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावणे आवश्यक आहे. ‘कोणत्याही वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आषाढातल्या भरदुपारीही कधी कधी उजेड अपुरा असतो.

ट्रॅक्टर व ट्रॉली

भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने जातो असे धरू. मागून मोटार ८० किलोमीटरने येत असेल तर दोघांमधील अंतर सेकंदाला १८ मीटरने घटते. शंभर मीटरचे अंतर साडेपाच सेकंदांत संपते. मागच्या चालकाला पुढे वाहन आहे हे कळणे पुरेसे नाही, ते संथ आहे हेही कळायला हवे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संथ वाहनांसाठी एक त्रिकोणी चिन्ह तयार झाले. त्याचा मधला भाग झळकणाऱ्या नारिंगी रंगाचा असतो, तो दिवसा उठून दिसतो. कडा परावर्तक लाल असतात, त्या रात्री चमकतात. दिवस आणि रात्र दोन्हींचा विचार एकाच पाटीत केला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या ट्रॉल्यांच्या बाबतीत पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. ट्रॉलीला मागे दोन्ही बाजूंना लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर असावेत. ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणारी वायर पिनांच्या सॉकेटमध्ये घट्ट बसवावी. ती लोंबकळत राहिली तर वळणावर तुटते.

२. दिवा लागत नसेल तर दर वेळी बल्बच गेलेला नसतो. ट्रॉलीच्या सांगाड्याला जोडलेल्या अर्थिंगच्या ठिकाणी गंज चढतो. ती जागा पॉलिश कागदाने घासून पुन्हा घट्ट आवळावी.

३. उसाची टोके किंवा कडब्याच्या पेंढ्या मागे लोंबत असतील तर दिवा असून नसल्यासारखा होतो. माल भरून झाल्यावर चालकाने दहा-पंधरा पावले मागे जाऊन दिवे व परावर्तक दिसतात की नाही हे स्वतः पाहावे. झाकले जात असतील तर दिवे आणखी खाली किंवा बाहेरच्या बाजूला घ्यावेत. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीचे दिवे पाहावेत.

४. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरील मागचा पांढरा दिवा रात्रीच्या नांगरणीसाठी असतो, रस्त्यासाठी नव्हे. तो चालू ठेवून रस्त्याने गेल्यास मागच्या चालकाचे डोळे दिपतात. शिवाय पांढरा दिवा म्हणजे समोरून येणारे वाहन, असाच त्याचा समज होतो. शेताचा बांध ओलांडून रस्त्यावर चढताना हा दिवा बंद करावा. पुढे पांढरा व मागे लाल ही दिव्यांची भाषा आहे. ती बदलू नये.

‘रेडियम’ची पट्टी

बाजारात आपण ज्याला ‘रेडियम’ म्हणतो त्या चमकणाऱ्या पट्टीत रेडियम नसते आणि ती स्वतः उजेडही देत नाही. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलक असतात. पडलेला प्रकाश ते जेथून आला तेथेच परत पाठवितात. म्हणून मागच्या चालकाला त्याच्याच हेडलाइटच्या उजेडात ती झगझगीत दिसते. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पट्टीवर चिखल बसला तर ती निकामी होते. तसेच मागच्या वाहनाचा दिवा बंद असेल तर ती दिसत नाही. म्हणून पट्टी दिव्याच्या जोडीला असावी, दिव्याऐवजी नव्हे. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी पट्टी लावावी. ती सुमारे ५ सें.मी. रुंद असावी आणि पृष्ठभाग धुऊन, कोरडा करून चिकटवावी.

बैलगाडीची गोष्ट वेगळी आहे. तिला वीज नाही, म्हणून पट्टीवरच भिस्त ठेवावी लागते. पूर्वी गाडीखाली कंदील टांगत असत. ती पद्धत चांगलीच होती. आता बॅटरीवर चालणारा लहान लाल दिवा मागे बांधता येतो. मागच्या आडव्या लाकडाला लाल, बाजूंना व चाकांना पिवळी आणि पुढे जुवाला पांढरी पट्टी लावावी. ऊस वाहणाऱ्या गाड्या पहाटे ओळीने निघतात. त्यांपैकी शेवटच्या गाडीला दिवा असलाच पाहिजे. हंगामात ऊसतोडीसाठी दूरवरून आलेल्या कुटुंबांच्या गाड्या आपल्या शिवारातून जातात. गाडीवर मोळ्यांवर बायका-मुले बसलेली असतात. ऊस आपला असेल तर गाडीला पट्टी लावलेली आहे की नाही, हे पाहणे आपलेही काम आहे. ओझे गाडीच्या मागे लांब गेले असेल तर दिवसा टोकाला लाल कापड आणि रात्री लाल दिवा बांधावा.

दुचाकी

दुधाच्या किटल्या, वैरणीचा भारा किंवा खताचे पोते मागे बांधले की दुचाकीचा मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जातात. अशा वेळी किटलीला किंवा भाऱ्याच्या मागच्या बाजूला लाल पट्टी लावलेला पुठ्ठा किंवा पत्रा बांधावा. दुसरी गोष्ट अशी की, युरियाची ४५ किलोची गोणी मागे ठेवली तर गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या दिव्याचा झोत वर जातो. मग डिपर असूनही समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही.

झोत बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. रात्री सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी नेहमीच्या ओझ्यासह उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या रेघेच्या सुमारे १० सें.मी. खाली आली पाहिजे. वर जात असेल तर दिव्याचा स्क्रू फिरवून झोत खाली घ्यावा.

अप्पर आणि डिपर

समोरून वाहन येताना दिसले की लगेच डिपर करावा. पुढच्या वाहनाच्या मागे चालत असतानाही अप्पर लावू नये, कारण तो झोत त्याच्या आरशातून डोळ्यांवर जातो. झगमगाटाने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. वय वाढले की हा वेळही वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर प्रवास आंधळेपणाने झाला. समोरचा डिपर करीत नाही म्हणून आपणही अप्पर ठेवणे हा हट्ट आहे. त्याने रस्त्यावर एकाऐवजी दोन आंधळे चालक होतात. अशा वेळी वेग कमी करावा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. त्या कडेला पायी चालणारी माणसे असू शकतात याचेही भान ठेवावे.

अनेक मोटारी व जीप यांत ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्याऐवजी ९० किंवा १०० वॅटचा बल्ब बसविल्यास वायर व होल्डर तापतात, दिव्याचा आरसा काळवंडतो आणि समोरच्याला त्रास होतो. जुन्या दिव्यात बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब बसविल्यासही झोत विस्कटतो. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच पुसावी, आरसा गंजला आहे काय ते पाहावे आणि वायरचे जोड तपासावेत.

धुके व पाऊस

धुक्यात अप्पर लावला तर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवर आदळून उजेड आपल्याकडेच परत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून धुक्यात व जोराच्या पावसात डिपरच वापरावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची पद्धत आता सर्वत्र दिसते. ती चुकीची आहे. चारही दिवे उघडझाप करीत असताना आपण डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळत नाही. शिवाय वाहन थांबलेले आहे की चालते आहे हेही समजत नाही. चारही इंडिकेटर थांबलेल्या किंवा बिघडलेल्या वाहनासाठी आहेत.

वाहन बंद पडल्यास

वाहन बंद पडले तर प्रथम ते शक्य तितके साइडपट्टीवर घ्यावे. चारही इंडिकेटर लावावेत आणि मागे सुमारे ५० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. मागे वळण किंवा चढ असेल तर तो त्याच्याही अलीकडे, मागून येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवावा. मागच्या दिव्यासमोर गर्दी करून उभे राहू नये. आपल्याकडे अशा वेळी रस्त्यावर दगड मांडतात आणि वाहन दुरुस्त झाले की दगड तेथेच टाकून निघून जातात. अंधारात तो दगड दुसऱ्या कोणाच्या तरी मोटारसायकलच्या पुढच्या चाकाखाली येतो. त्रिकोण नसेल आणि दगड ठेवावेच लागले, तर निघताना ते आठवणीने उचलावेत.

पायी चालणाऱ्यांनी रात्री रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. हातात बॅटरी आणि अंगावर पांढरे उपरणे किंवा टॉवेल असावा. काळी घोंगडी थंडीपासून वाचविते, पण अंधारात माणसाला लपविते.

हंगामापूर्वीची तपासणी

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. तशीच गाळप हंगामापूर्वी एक संध्याकाळ दिव्यांसाठी द्यावी. एकाने ट्रॅक्टरवर बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे. मागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे, डावा-उजवा इंडिकेटर, अप्पर आणि डिपर क्रमाने पाहावेत. जादा बल्ब, फ्यूज, चिकटपट्टी, ओले फडके आणि परावर्तक त्रिकोण एवढे सामान अवजारांच्या पेटीत कायम ठेवावे. चिखलणीनंतर किंवा ओल्या शेतातून बाहेर पडल्यावर दिवे व पट्ट्या फडक्याने पुसाव्यात. गावात एकाच दिवशी सर्व ट्रॉल्या व गाड्या आणून हे काम सामुदायिकरीत्या केले तर खर्च कमी येतो आणि कोणी मागे राहत नाही. ग्रामपंचायत, दूध संस्था किंवा तरुण मंडळ यांनी पुढाकार घ्यावा.

बंधू-भगिनींनो, कीड पडल्यावर फवारणी करता येते आणि दुबार पेरणीही करता येते. रस्त्यावर गेलेला माणूस मात्र परत येत नाही. अंधारात आपल्या ट्रॉलीमागून येणारा दुचाकीस्वार बहुतेक वेळा परका नसतो. तो आपल्याच पंचक्रोशीतला दूधवाला असतो, शिकवणीहून परतणारा कोणाचा तरी मुलगा असतो. त्याला आपली ट्रॉली वेळेत दिसावी, एवढी तजवीज या हंगामापूर्वी प्रत्येकाने करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.